बालगृहातल्या मुलाचं असेसमेंट करायचंय? नुसता आयक्यू काढून देऊ नका

सीडब्ल्यूसीकडून, म्हणजे बालकल्याण समितीकडून, पत्र येतं, त्यात एकच ओळ असते, "सदर बालकाचे मानसशास्त्रीय मूल्यमापन करून अहवाल सादर करावा", आणि मागोमाग बालगृहातून अधीक्षक मॅडमचा फोन येतो की अहो ताई, तेवढा आयक्यू काढून द्या ना, परवा समितीचं सिटिंग आहे. पुण्यात एम.ए. सायकॉलॉजी नाहीतर एमएसडब्ल्यू करून नुकतंच काम सुरू केलेल्या बऱ्याच जणांकडे पहिली केस अशीच येते. मग एक दुपार, एक किट, एक आकडा, दोन पॅराग्राफ आणि सही. याला असेसमेंट म्हणत नाहीत हो. आणि त्याचा त्रास ते पोर अठरा वर्षांचं होईपर्यंत भोगतं, कारण फाईल त्याच्याबरोबर एका संस्थेतून दुसरीकडे जात राहते आणि पुढचा प्रत्येक माणूस आधी फाईल वाचतो, पोराकडे नंतर बघतो.

तर खालचं सगळं अशा नव्या लोकांसाठी आणि बालगृहातल्या समुपदेशकांसाठी. ज्यांचं रोजचं काम हेच आहे त्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

आधी प्रश्न काय आहे ते विचारा

पत्रात लिहिलेलं नसतं पण समितीच्या डोक्यात काहीतरी नक्की प्रश्न असतो. मुलगी आईकडे परत पाठवायची का? दोन वर्षं शाळा बुडालीय तर कुठल्या वर्गात घालू? हा पळून का जातोय सारखा? दत्तकासाठी मोकळं करायचंय तर विकास वयाप्रमाणे आहे का? प्रत्येक प्रश्नाचं असेसमेंट वेगळं होतं. शाळेचा प्रश्न असेल तर वाचन-गणित तपासायला जास्त वेळ द्यावा लागतो, घरी पाठवायचा असेल तर मुलापेक्षा घर आणि आई-मूल नातं बघावं लागतं, आणि पळून जाण्याच्या प्रश्नाला आयक्यूचा आकडा काडीचाही उपयोगी नाही. परिविक्षा अधिकाऱ्यांना (मुलाच्या घरची चौकशी करणारे) किंवा समितीच्या सदस्यांना फोन करून सरळ विचारा, "मॅडम, या रिपोर्टवरून तुम्हाला काय ठरवायचंय?" कोणी रागवत नाही, उलट बरं वाटतं त्यांना.

इथेच एक गोष्ट वेगळी काढून ठेवते. सोळा ते अठरामधल्या मुलावर जघन्य, म्हणजे अतिगंभीर, गुन्ह्याचा आरोप असेल तेव्हा बाल न्याय मंडळ जे प्राथमिक मूल्यांकन करतं, बाल न्याय कायद्यातलं कलम १५, ते हे नव्हे. त्यात मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची क्षमता आणि घटनेची परिस्थिती बघतात आणि त्यावरून केस प्रौढांसारखी चालवायची का ते ठरतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकार शिकलेलं कोणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल. नवीन असाल तर त्याला हात घालू नका, सीनियरकडे पाठवा.

आणि निदान, म्हणजे बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, हे शब्द कागदावर घालायचे तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाहीतर मनोविकारतज्ज्ञच हवेत. पण त्याच्या आधीची ऐंशी टक्के मेहनत समुपदेशक करू शकतो, आणि खरं तर तोच चांगली करतो कारण तो रोज तिथे असतो.

पहिल्या दिवशी टेस्ट नाही

कायद्याने मूल चोवीस तासांच्या आत समितीपुढे आणावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. म्हणजे रात्री पुणे स्टेशनवर सापडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी अनोळखी लोकांसमोर बसलेला असतो, रात्रभर झोपलेला नसतो, आणि संध्याकाळी अजून एका अनोळखी इमारतीत असतो. अशा पोराला तुम्ही ठोकळे जुळवायला देणार आणि सेकंद मोजणार? जो आकडा येईल तो भीतीचा येईल.

पहिल्या दोन-तीन दिवसांत फक्त सुरक्षिततेचं बघायचं. कुठे दुखतंय का, मार आहे का, फिट येतात का, कुठलं औषध चालू होतं का, रात्री झोप लागते का. व्यसन विचाराच, आणि त्यांच्या शब्दांत विचारा: सोल्युशन, व्हाइटनर, गुटखा, मिश्री. अचानक बंद झालं की पोरं चिडतात, थरथरतात, भांडतात, आणि स्टाफला वाटतं मुलगा हिंसक आहे. जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात येतं हा गैरसमज आहे, विचारल्याने बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठायचे, ससून आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री स्टाफला काय करावं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ऑफिसच्या भिंतीवर लावून ठेवा, पण तो फोन डॉक्टरांकडे नेण्याच्या ऐवजी नाही, सोबतीला.

खोलात जाऊन असेसमेंट तीन-चार आठवड्यांनी, मूल जेवायला-झोपायला लागल्यावर. समितीला घाई असते हे खरंय, सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत लागतो, पण पूर्ण चौकशीला चार महिने असतात. तेव्हा पंधराव्या दिवशी एका पानाचं अंतरिम टिपण द्या, "आत्ता एवढं दिसतंय, सविस्तर अमुक तारखेला", आणि ती तारीख पाळा.

टेस्टच्या आधी कान, डोळे आणि वय

हे तीन बघितल्याशिवाय किट उघडूच नका. वर्षानुवर्षं कान वाहतायत आणि कोणी नेलेलं नाही, अशी मुलं येतात. ऐकू कमी येतं म्हणून सूचना कळत नाहीत, आणि फाईलला लिहिलेलं असतं "आकलन कमी". चष्म्याचं तेच. हिमोग्लोबिन आणि जंतांचं औषध हेही आधी. औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून, रास्ता पेठेतलं केईएम, जिथे संस्थेचं जमतं तिथून हे करून घ्या. बालगृहाला जोडलेले डॉक्टर असतातच, फक्त कोणीतरी मागे लागावं लागतं.

वयाचं मात्र कोणी बोलत नाही म्हणून जरा थांबते इथे. आपल्याकडच्या कितीतरी मुलांकडे जन्मदाखला नसतो, वीटभट्टीवर जन्मलेलं, ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडहून बारामती-दौंडकडे आलेलं, आईलाच नक्की साल माहीत नसतं, पोळ्याच्या आधी झाला एवढं आठवतं. कायद्यात कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, मग महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. आणि हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं. आता बघा काय होतं. बिने-कामत या बुद्धिमत्ता चाचणीत मानसिक वय भागिले खरं वय गुणिले शंभर. मुलाचं मानसिक वय ७ आलं आणि फाईलमध्ये वय १० असेल तर बुद्ध्यांक ७०. तोच मुलगा खरा साडेआठ वर्षांचा असेल तर ८२. मुलगा तोच, ठोकळे तेच, उत्तरं तीच, आणि एका कागदावर तो स्पेशल शाळेच्या रांगेत आणि दुसऱ्यावर नेहमीच्या वर्गात. तेव्हा वय अंदाजे असेल तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा आणि एक आकडा न देता दोन्ही वयांनी येणारी रेंज द्या.

मावशींशी बोला, भरपूर बोला

गृहमाता, काळजीवाहक, स्वयंपाकाच्या मावशी, वॉचमन काका, शाळेतल्या बाई. आपण तासभर बघतो, ही माणसं चोवीस तास बघतात, पण त्यांना कोणी विचारत नाही. "कसा आहे?" असं विचारलं तर "चांगला आहे, फक्त ऐकत नाही" एवढंच मिळतं. त्याऐवजी बारीक विचारा: पोळी लपवून ठेवतो का, गादीखाली काही सापडतं का? पडला-लागलं तर कोणाकडे जातो, की कोणाकडेच जात नाही? अंथरूण ओलं होतं का, रोज की भेटीच्या दिवसानंतर? आंघोळीला कपडे काढायला घाबरतो का? लाईट गेल्यावर काय करतो? लहान भावंडाला स्वतःच्या ताटातलं देतो का?

या उत्तरांतून जे मिळतं ते कुठल्याच किटमध्ये नाही. पोळी लपवणारं मूल चोर नसतं, त्याने उपास काढलेले असतात.

व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, आपण व्हीएसएमएस म्हणतो ते, माहिती देणाऱ्याला विचारून भरतात. इथे संस्थेतल्या मुलांचा एक घोळ होतो तो नीट समजून घ्या. स्केल विचारतं की मूल पैसे हाताळतं का, एकटं बाहेर जातं का, छोटी खरेदी करतं का. बालगृहात चार वर्षांचा असल्यापासून राहिलेल्या मुलाने कधी दुकानच बघितलेलं नसतं, त्याला गेटच्या बाहेर सोडत नाहीत. म्हणजे "येत नाही" आणि "करू देत नाहीत" यातला फरक तुम्हीच काढायचा, सोबत कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन जा, दहा रुपये द्या, बिस्किटचा पुडा आणायला सांगा, बघा. उलट सिग्नलवर फुगे विकलेली पोरगी सुट्ट्या पैशांचा हिशोब तुमच्यापेक्षा पटकन करते आणि कागदावरची दोन अंकी वजाबाकी तिला येत नाही. दोन्ही लिहा. फक्त वजाबाकी लिहू नका.

मुलासमोर बसल्यावर

वेळ बघून बसवा. बाहेर क्रिकेट चालू असताना आत बोलावलं तर तुमचं सगळं असेसमेंट खिडकीकडे बघण्यात जाणार. खोलीचं दार काचेचं किंवा अर्धं उघडं, कोणी बघू शकेल पण ऐकू शकणार नाही असं. अधीक्षकांच्या केबिनमध्ये कधीच नाही.

पहिल्यांदा तुम्ही कोण ते सांगा. मुलांना वाटतं ही बाई आपल्याला घरी पाठवणारी आहे किंवा पाठवू न देणारी आहे. खरं सांगायचं: "मी तुझ्याशी बोलणार, काही खेळ-कोडी करणार, आणि तुला काय येतं, काय आवडतं, कशाचा त्रास होतो ते समितीच्या मॅडमना लिहून सांगणार. ठरवणार त्या. कोणी तुला त्रास देत असेल असं कळलं तर ते मला माझ्याजवळ ठेवता येणार नाही, बाकीचं सगळ्यांना सांगत फिरणार नाही." एवढं सातवीच्या मुलालाच काय, पहिलीच्या मुलालाही कळतं. नको म्हणाला तर त्या दिवशी नको.

भाषा! पुण्यातल्या बालगृहात मराठी बोलतात म्हणून मुलाची भाषा मराठी असं धरून चालू नका. पारधी, वडारी, कैकाडी, लमाणी घरातली मुलं असतात, बिहारकडची, नेपाळची असतात, ती पंधरा दिवसांत कामापुरतं मराठी उचलतात आणि आपल्याला वाटतं येतंय की याला. "ये, जा, जेव" कळणं वेगळं आणि "या दोन गोष्टींत सारखं काय आहे" याचं उत्तर देणं वेगळं. दुभाषी लागला तर बाहेरचा मोठा माणूस घ्या, त्याच संस्थेतला मोठा मुलगा किंवा भावंड नको, आतल्या गोष्टी त्याच्यासमोर कोण बोलणार.

टेस्ट कुठल्या, तर थोडक्यात. अडीच वर्षांपर्यंत डॅसी, म्हणजे बाळाचा विकास मोजणारं स्केल, प्रमिला फाटक यांचं, बडोद्याच्या मुलांवर बांधलेलं. शाळकरी मुलांसाठी बिने-कामत, ज्याचं मूळ काम १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांवर झालं, आणि नागपूरला मालिन यांनी केलेलं एमआयएसआयसी (हीसुद्धा बुद्धिमत्ता चाचणी), १९६९ चं, सहा ते पंधरा वर्षांसाठी. आपल्या मातीतल्या आहेत म्हणून जवळच्या वाटतात पण नॉर्म्स (तुलनेसाठी ठरवलेले सरासरी आकडे) किती जुने आहेत बघा, आणि जुन्या नॉर्म्सवर आकडे फुगतात हे जगभर दिसलंय. म्हणजे आकडा शाळा न मिळाल्यामुळे खाली ओढला जातो आणि जुन्या नॉर्म्समुळे वर, आणि मधे जे उरतं त्यावर आपण पोराचं भविष्य ठरवतो! शाळा न बघितलेल्या मुलाला शब्दांच्या टेस्टबरोबर बिनशब्दांची द्यायलाच हवी, सेगाँ फॉर्म बोर्ड (लाकडी आकार खाचेत बसवणं), रेव्हनची कलर्ड मॅट्रिसेस (आकृत्यांची कोडी). शब्दांत कमी आणि आकृत्यांत बरा आला तर बुद्धीचा निष्कर्ष काढायच्या आधी शाळा आणि भाषेचा विचार करा.

मला सगळ्यात भरवशाची वाटणारी गोष्ट अशी: टेस्ट संपल्यावर, स्कोअर बंद करून ठेवल्यावर, टेस्टमध्ये नसलेलं त्याच धाटणीचं एक कोडं घ्या, दहा मिनिटं शिकवा, आणि दोन दिवसांनी परत विचारा. शिकवलेलं टिकतंय, नव्या कोड्यात वापरतोय, तर या मुलाला संधी मिळालेली नाही एवढाच प्रॉब्लेम आहे. टेस्टमधले प्रश्न मात्र शिकवू नका आणि त्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, आधीच यूट्यूबवर नको ते सापडतं.

वाचन-गणितासाठी प्रथम या संस्थेचं 'असर' सर्वेक्षणातलं साधन पुरतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पाच-दहा मिनिटांत कळतं की कागदावर पाचवीतला मुलगा शब्दावर अडलाय.

पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचं लेबल लावायचं नाही, फार तर विकासात विलंब असं लिहून परत तपासायची तारीख. आणि मोठ्यांमध्येही नुसत्या बुद्ध्यांकावर निदान होत नाही, रोजच्या जगण्यातली अडचणसुद्धा दिसली पाहिजे. म्हणून तर मावशींचं वरचं सगळं.

मनाचं काय

एसडीक्यू ही भावना-वर्तनाची प्रश्नावली घ्या, पंचवीस वाक्यं, शिक्षकांकडून एक आणि काळजीवाहकाकडून एक, अकरा वर्षांच्या वरच्या मुलाकडून स्वतःचं तिसरं. तिन्ही जुळणार नाहीत आणि न जुळणं हीच माहिती आहे. शाळेत शांत आणि रात्री डॉर्मिटरीत मारामारी, तर रात्री डॉर्मिटरीत काय होतं ते शोधा.

एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलता) लिहायच्या आधी तीनदा विचार करा. मार खाल्लेलं, घरात दारूचे तमाशे बघितलेलं मूल प्रत्येक आवाजाला दचकतं, मान वळवून दाराकडे बघतं, एका जागी बसत नाही, लक्ष लागत नाही. वरून अगदी एडीएचडीसारखं दिसतं. फरक कधी दिसू शकतो, तर सुरक्षित माणसाजवळ अर्धा तास शांत बसून चित्र काढतं तेव्हा.

दुसरी गडबड, सगळ्यांना येऊन मिठी मारणारी मुलं. शनिवारी हिंजवडीहून कंपनीची टीम केक घेऊन येते, मुलं "दीदी दीदी" करत गळ्यात पडतात, आणि सगळे म्हणतात किती प्रेमळ आहेत. अनोळखी माणसाच्या मांडीवर दोन मिनिटांत जाऊन बसणं हे पाच-सहा वर्षांच्या मुलात काळजीचं लक्षण असू शकतं, हक्काचं एक माणूस कधी मिळालंच नाही याचं. रोमानियातल्या अनाथालयांमधल्या १३६ मुलांवर २००० सालापासून जो अभ्यास झाला त्यात दिसलं की कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये, दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त नीट सावरली. म्हणून तान्ह्या मुलाचा तुमचा रिपोर्ट कपाटात पडून राहिला तर ते नुसतं ऑफिसचं काम राहिलेलं नसतं. दोन वर्षांपर्यंतच्या अनाथ किंवा टाकून दिलेल्या मुलाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करायला कायद्याने दोन महिने दिलेत, त्याहून मोठ्याला चार.

चित्रं काढून घ्या, घर-झाड-माणूस, गोष्ट सांगायला लावा, पण बोलायला सुरुवात म्हणून. "माणसाला हात नाहीत म्हणून असुरक्षितता" असलं ज्योतिष रिपोर्टमध्ये नको.

मुलाने काही सांगितलं तर

चाचणीच्या मधेच, रंग भरता भरता, मूल सांगून टाकतं. तेव्हा टेस्ट बाजूला. चेहरा शांत ठेवा, ऐका, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला. "त्याने असं केलं का, तसं केलं का" असं सुचवू नका, तपास तुमचं काम नाही आणि सुचवलेल्या प्रश्नाने कोर्टात केस कच्ची होते. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा. "कोणाला सांगणार नाही" हे वचन देऊ नका.

लैंगिक अत्याचाराचं असेल तर पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा) कलम १९ खाली पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. "आधी ट्रस्टींशी बोलू" असं कोणी म्हणालं तरी. आरोप संस्थेतल्याच माणसावर असेल तर समितीला त्याच दिवशी कळवून मुलाला त्या माणसापासून लांब ठेवण्याची व्यवस्था मागा.

रिपोर्ट

मराठीत लिहा, दोन-तीन पानं. समितीला आणि मावशींना कळलं पाहिजे, स्कोअरचा तक्ता शेवटच्या पानावर. "बुद्ध्यांक ६८, सौम्य मतिमंद, आक्रमक वृत्ती" असं लिहिण्याऐवजी असं लिहा: "वय अंदाजे ९-१०. शाळेत एक वर्षापेक्षा कमी गेला आहे. शब्दांच्या चाचणीत कमी, आकृत्यांच्या चाचणीत वयाला साजेसा. शिकवलेलं दोन दिवसांनी आठवतं. रात्री दिवे बंद झाल्यावर भांडणं होतात, दिवसा होत नाहीत." वाचणाऱ्याला लगेच कळतं काय करायचं.

चांगलं काय आहे तेही लिहा, शोभेला नाही, कामाला म्हणून. धाकट्या बहिणीला सांभाळतो, तर शिफारस अशी की भावंडांना वेगवेगळ्या संस्थांत टाकू नका, आणि मुलांचं-मुलींचं बालगृह वेगळं असल्यामुळे टाकावंच लागलं तर दर आठवड्याला भेट आणि फोन.

"समुपदेशनाची गरज आहे" ही शिफारस नव्हे. कोण, काय, कधीपर्यंत ते लिहा: कानाची तपासणी पंधरा दिवसांत, जबाबदारी अमुक, रोज अर्धा तास वाचन, जबाबदारी तमुक, डॉर्मिटरीत रात्री छोटा दिवा, आजपासून. या ओळी वैयक्तिक काळजी आराखड्यात जशाच्या तशा उतरल्या पाहिजेत. घरी पाठवता येतंय आणि फक्त पैशाचं अडतंय असं दिसलं तर बालसंगोपन योजनेचं नाव घ्या, महिन्याला २२५० रुपये मिळतात, जिल्हा बाल संरक्षण कक्षातून अर्ज होतो. अपंगत्वाची शंका असेल तर सरकारी हॉस्पिटलमधून यूडीआयडी कार्डाची (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) प्रक्रिया सुरू करायला लिहा, पण निदान पक्कं झाल्यावरच.

ओळख उघड करू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो "मॅडम हा बघा" म्हणून फिरतो ना, तो बंद. बंद पाकिटात, समितीच्या नावाने.

पाकीट गेल्यावर मुलालाही सांगा काय लिहिलंय ते, त्याला झेपेल असं. आणि मावशींना एक पान वेगळं, त्यात स्कोअर नको, फक्त काय करायचं ते. सहा महिन्यांनी परत बघायची तारीख रिपोर्टमध्येच टाका, आणि तोवर मुलाची बदली साताऱ्याला नाहीतर नगरला झाली तर नव्या बालगृहाच्या समुपदेशकाला फोन करून विचारा की तुमच्या हातात आलेल्या फाईलमध्ये कुठलं पान आहे, आपलं तीन पानी की जुनं आकड्याचं.